रोजची गाडी, पण दमदार: छोटी टर्बो कार निवडताना नेमकं काय बघायचं

नमस्कार मंडळी.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात. गाडीत चौघं, डिकी भरलेली, एसी चालू. खंबाटकीचा चढ लागला. पुढे मालानं भरलेला ट्रक रांगतोय. उजवी लेन रिकामी दिसली म्हणून गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडीचा नुसता आवाज वाढला. वेग आहे तिथंच. मागचा डिपर मारायला लागला आणि तुमचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे गेला. ब्रोशरवर तर ८२ पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) लिहिलं होतं. मग ते गेले कुठं?

ते गेले कुठं नाहीत, ते वर बसलेत, ५,७०० आरपीएमवर, म्हणजे इंजिन मिनिटाला ५,७०० फेरे घेतं तिथं. सध्याच्या स्विफ्टचं १.२ लिटरचं तीन सिलिंडर इंजिन ८२ पीएस तिथं देतं आणि ११२ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) ४,३०० आरपीएमला. आता स्वतःला विचारा, रोज ऑफिसला जाता-येता टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा ४,३०० ला किती वेळा जातो? आपण बहुतेक सगळे १,५०० ते ३,००० मध्ये गाडी चालवतो. म्हणून गाडी निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: ही गाडी २,००० आरपीएमला काय देते?

हे घरी बसून काढता येतं. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४. उत्तर येतं पीएसमध्ये.

(स्क्रीनवर: टॉर्क × आरपीएम ÷ ७,०२४ = पीएस)

चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरला बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन २,००० च्या आसपास फिरतं. तिथं टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारी चक्री) नसलेलं १.२ लिटरचं इंजिन पूर्ण पाय दाबल्यावर साधारण १०० न्यूटन मीटर देतं. म्हणजे २८ पीएस. आता ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घ्या. १.० लिटर टर्बो, १७२ न्यूटन मीटर, आणि तेही १,५०० पासून ४,००० पर्यंत सपाट. तिचे होतात ४९ पीएस. इंजिन लहान, पण त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला ताकद जवळजवळ पावणेदोन पट.

आता चढाचा हिशोब. माणसं आणि सामान धरून गाडी १,३०० किलोची समजा, चढ सहा टक्के, वेग ५०. नुसतं वजन वर चढवायला १४ ते १५ पीएस जातात. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यांचे मिळून चार-पाच. गिअरबॉक्समध्ये थोडे मुरतात, एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार खातो. बेरीज पंचवीसच्या घरात. टर्बो नसलेल्या गाडीकडे होते २८. शिल्लक तीन. त्या तिनावर ट्रक ओलांडायचा होता!

तिला तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये आणून ३,५०० वर नेलं की तीच गाडी ५० च्या वर पीएस देते आणि ट्रक आरामात मागे पडतो. म्हणजे स्विफ्ट कमी पडत नाही. ती गिअर मागते. ज्याला गिअर टाकायला मनापासून आवडतं, त्याच्यासाठी ती फार छान गाडी आहे. पण दिवसभर काम करून रात्री नऊला घरी परतताना दर ओव्हरटेकला गिअर पाडायचा कंटाळा येत असेल, तर टर्बो घ्या.

वजनाचा एक आकडाही सोबत ठेवा. स्विफ्ट साधारण ९२० किलोची. ८२ भागिले ०.९२, म्हणजे टनामागे ८९ पीएस. १२० पीएसची टर्बो हॅचबॅक १,१०० किलोची धरू, तिचे येतात १०९. आता दोन्हींत चार माणसं आणि तीस किलो सामान टाका, म्हणजे आणखी २९० किलो. स्विफ्ट येते ६८ वर, टर्बो ८६ वर. नीट बघा: भरलेली टर्बो जवळजवळ रिकाम्या स्विफ्टइतकी आहे. त्यामुळं रोज एकटे जाता-येता आणि चौघांचा प्रवास वर्षातून दोनदाच होतो, तर जादाचे पैसे घालायची गरज नाही. दर शनिवारी कुटुंब घेऊन गावी जाणाऱ्यानं मात्र ते घालावेत. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर तर हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची ताकद दहा-बारा टक्के उतरते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

आपल्याकडे ही सगळी इंजिनं १.० किंवा १.२ लिटरचीच का, असं विचारलं जातं. कारण कराचं आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. त्यातली एक जरी अट मोडली तर ४० टक्के. मग ताकद वाढवायला कंपनीकडे टर्बोखेरीज दुसरी वाट उरत नाही. थर्ड पार्टी विम्यातही गंमत आहे. जून २०२२ च्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. ९९८ सीसीची टर्बो १०० ते १२० पीएस देते आणि विमा मात्र लहान गाडीचा भरते. आरटीओच्या करात उलट सावध राहा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के कर पूर्ण किमतीवर लागतो. किंमत दहाच्या जरा वर जात असेल, तर एक व्हेरिएंट खाली उतरून ऑन-रोड हिशोब पुन्हा मांडा.

आता गाड्या. मारुतीची फ्राँक्स १.० बूस्टरजेट: १०० पीएस, १४८ न्यूटन मीटर, वजनानं हलकी, पाच गिअरचं मॅन्युअल किंवा सहा गिअरचं टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. रोजच्या गर्दीला मला ही जोडी फार समजूतदार वाटते. आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक, आणि २०२३ पासून सहा गिअरचं खरं मॅन्युअल. चालवण्याचा आनंद हवा असेल तर हीच. स्कोडाची कायलॅक चाकणला बनते, ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर. नाशिकची महिंद्रा थ्री-एक्सओ १३१ पीएस आणि २३० न्यूटन मीटरपर्यंत जाते. तिची ओढ जबरदस्त आहे, पण ती उंच आणि जड. वळणात हॅचबॅकसारखी चिकटून बसत नाही.

गिअरबॉक्सकडे जरा थांबू, कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर मोटर टाकते. स्वस्त, ॲव्हरेज चांगलं. पण पाय दाबल्यावर गिअर बदलेपर्यंत एक झोका बसतो आणि ओव्हरटेकच्या ऐन क्षणी ओढ तुटते. स्पोर्टी म्हणून गाडी घेत असाल तर एएमटी घेऊ नका.

ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी, सर्वांत चपळ. छोट्या गाड्यांत हे क्लच बहुधा कोरडे असतात, त्यांना थंड करायला तेल नसतं. हिंजवडीच्या गर्दीत ब्रेक अर्धा सोडून गाडी इंचाइंचानं सरकवली, की आत हाफ क्लच चालू राहतो आणि प्लेट तापते. उपाय सोपा आहे. पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या, मग एकदाच ब्रेक पूर्ण सोडून दहा-पंधरा फूट पुढं घ्या आणि पुन्हा पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. डिस्प्लेवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन ‘पी’मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवून थांबा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. डीसीटीइतकं झटपट नाही, पण रोज दीड तास रांगणाऱ्या गाडीला हेच मानवतं.

आणि मॅन्युअल घेणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. छोटं टर्बो इंजिन १,५०० च्या खाली खरंच मरगळलेलं असतं, कारण एक्झॉस्टचा झोत टर्बोची चक्री फिरवायला पुरेसा नसतो. स्पीड ब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात, वेग दहावर आला आणि पाय दाबला, तर क्षणभर काहीच होत नाही. मग एकदम उसळी. तिथं पहिला गिअर टाका. उंच गिअरमध्ये १,२०० ला जोरात पाय दाबायची सवय तर मोडाच. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारणाऱ्या) टर्बोमध्ये त्यानं सिलिंडरमधलं मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं, आणि तो धक्का पिस्टनला बसतो. म्हणूनच ऑइल गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. एक्स्प्रेसवेवर जोरात येऊन फूड मॉलला थांबलात, तर गाडी अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करा. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तेवढ्यात थंड होतं, जळून चिकटत नाही.

टायरबद्दल. १८५/६५ आर १५ ची बाजूची भिंत १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ ची १०७. गाडी देखणी करायला १७ इंची रिम आणि २०५/४५ टाकले की राहतात ९२. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात ६० नं चाक गेलं, तर या कमी झालेल्या मिलिमीटरांची किंमत कळते: रिम वाकते, टायरला बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आपल्या रस्त्यांना १६ इंच ही मर्यादा धरा. पकड वाढवायची असेल तर आकार तोच ठेवून चांगल्या रबराचे टायर घ्या, आणि हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा.

लाल पट्टे, काळं छत, स्पॉयलर यांना मी किंमत देत नाही. ‘स्पोर्ट’ नावाच्या व्हेरिएंटमध्ये इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांपैकी काय बदललंय एवढं विचारा. उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते स्टिकरचे पैसे आहेत. रिमॅपबद्दलही (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं) स्पष्ट सांगतो: वॉरंटी असेपर्यंत करू नका. वाढलेला टॉर्क आधी क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो.

जुनी घेणार असाल तर चाकणला २०२२ पर्यंत बनलेली पोलो जीटी टीएसआय आजही मन ओढून घेते. २०२० पासूनची १.० लिटर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर शोधा. तिच्यात सहा गिअरचं टॉर्क कन्व्हर्टर मिळतं. त्याआधीची १.२ सात गिअरच्या कोरड्या ड्युअल क्लचची आहे. ती बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. सुटताना थरथर, चढावर रिव्हर्स घेताना झटके, किंवा एक-दोन गिअरमध्ये अडखळणं जाणवलं तर किंमत पाडण्याच्या भानगडीत न पडता परत या. गरम झाल्यावर पाय सोडून पुन्हा दाबताना मागे निळसर धूर दिसला, तर टर्बोचं सील किंवा इंजिनची झीज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमच्या चौकातून एक फेरी मारून काहीही कळत नाही. सेल्समनला आधीच फोन करून ४५ मिनिटं मागा आणि घरची माणसं सोबत न्या, गाडी भरलेली हवी. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट किंवा पिरंगुटचा घाट, ठाण्यात घोडबंदरचा गायमुख घाट. एसी चालू ठेवा. चढावर पूर्ण थांबून सुटून बघा, मागे किती येते ते कळेल. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला किती वेळ लागतो ते शेजारच्याला मोबाइलवर मोजायला सांगा. ऑटोमॅटिकमध्ये ४० ला असताना पाय दाबा आणि ओढ यायच्या आधी मनात ‘एकशे एक’ (साधारण एक सेकंद) म्हणून होतं का ते बघा. मागे कोणी नसताना ६० वरून जोरात ब्रेक लावा. स्टिअरिंग सरळ राहतं का, पेडल कडक वाटतं का?

मग ड्रायव्हरची सीट सोडून वीस मिनिटं मागच्या सीटवर बसा आणि गाडी खराब रस्त्यावरून न्यायला सांगा. कडक सस्पेन्शन ज्यांच्या कमरेला रोज सोसायचंय, ती माणसं तिथं बसणार आहेत. ती ‘चालेल’ म्हणाली, तरच बुकिंगचे पैसे भरा.