माळ्यावरचा व्हिडिओ गेम उघडला: आपल्या फॅमिकॉम क्लोनची दुरुस्ती

(टेबलावर करड्या रंगाचा सेट, बाजूला दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट)

हा जो करडा डबा दिसतोय ना, ह्याला आपण सगळे नुसतं व्हिडिओ गेम म्हणायचो. बहुतेक सेटवर कंपनीचं धड नाव नसायचं, मॉडेल नंबर नसायचा, काहींवर लिटल मास्टर वगैरे लिहिलेलं असायचं, बाकी सगळे बिननावाचे. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत हा ज्याच्या घरी असायचा त्याच्या घरी दुपारभर चपलांचा ढीग, आणि ज्यांच्या घरी नसायचा ते गल्लीतल्या दुकानात तासावर पैसे देऊन खेळायचे किंवा अख्खा सेट एक दिवस भाड्यानं घरी आणायचे.

हा सेट मिरजेचा आहे, आमच्या आत्याच्या घरचा, माळ्यावर तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या पोत्यामागं पडलेला. आत्या म्हणाली, "ने की, परवा भंगारवाल्याला घालणारच होते, आणि चालू झाला तर तुझ्या दादाला फोन करून सांग."

आता मुळात ही वस्तू कुठली ते आधी बघू, कारण दुरुस्ती करताना त्याचा फार उपयोग होतो.

१५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डोनं फॅमिली कॉम्प्युटर बाजारात आणला, म्हणजे फॅमिकॉम, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य इंजिनिअर, २०२१ मध्ये गेले ते. आत ६५०२ ह्या जुन्या प्रोसेसरवर बेतलेली रिकोची चिप, चित्रासाठी वेगळी चिप, आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. आज मोबाईलवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या एका फोटोत अशा कितीतरी फॅमिकॉमची मेमरी मावेल, आणि तेवढ्यात त्या लोकांनी मारिओ पळवला! अमेरिकेत १९८५ ला तेच मशीन एनईएस नावानं गेलं, पण त्यात कुलूप-चिप बसवली होती, परवानगी नसलेली कॅसेट चालू नये म्हणून. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. त्यामुळे तैवानमध्ये यूएमसीसारख्या कंपन्यांनी त्या चिपांच्या नकला बनवल्या आणि मग तैवान-चीनमधून ह्या नकली मशीनचा, म्हणजे क्लोनचा, जो लोंढा सुटला तो रशियात गेला, दक्षिण अमेरिकेत गेला, आणि आपल्याकडं आला. खरे फॅमिकॉम आणि एनईएस मिळून जगात ६ कोटींच्या वर विकले गेले. क्लोन किती, ते कुणी मोजलेलेच नाहीत.

परदेशातले बरेच कलेक्टर क्लोनकडं बघतसुद्धा नाहीत, त्यांच्या दृष्टीनं हा कचरा. मला हे अजिबात पटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी खरा फॅमिकॉम कधी हातात धरलेला नाही, आपल्या बालपणाचं मूळ मशीन हेच आहे, आणि हे आपण जपलं नाही तर दुसरं कुणी जपणार नाही.

(मागचे स्क्रू निघतायत, झाकण वर)

मागं पाच-सहा स्क्रू असतात, एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो, तो न काढता जोर लावला तर स्क्रू बसतो ती प्लास्टिकची नळी तुटते, म्हणून सावकाश. उघडल्यावर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की आतलं सामान कुणीतरी काढून नेलंय, कारण एवढ्या मोठ्या डब्यात सर्किटच्या दोन छोट्या पट्ट्या आणि बाकी सगळी हवा. ही मोठी पट्टी, हिच्यावर कॅसेटचा ६० पिनांचा स्लॉट आणि हा काळा गोळा, डांबर ओतल्यासारखा. खऱ्या फॅमिकॉममध्ये प्रोसेसर, चित्राची चिप, मेमरी हे सगळं सुटं सुटं होतं, इथं ते सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वरून काळं इपॉक्सी ओतलेलं आहे. ह्या गोळ्याच्या आत बिघाड असेल तर हात टेकायचे, त्याला उपाय नाही. पण चांगली बातमी अशी की तो क्वचितच मरतो, बहुतेक वेळा दुखणं त्याच्या आजूबाजूलाच असतं. आणि तुमच्या सेटमध्ये गोळ्याऐवजी यूए ६५२७ आणि यूए ६५३८ असं लिहिलेल्या दोन लांब चिपा दिसल्या तर तो जुना सेट आहे, जपून ठेवा, त्यात चिप बदलता येते.

सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून करायची, नेहमी. सेट चालू होत नाही म्हणून लोक थेट बोर्डाला हात घालतात, पण ३० वर्षं पडलेल्या अ‍ॅडॉप्टरवर आधी मल्टिमीटर लावा. ह्याच्यावर ९ व्होल्ट लिहिलंय आणि मीटर १३ दाखवतोय, घाबरू नका, जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर लोड नसताना जास्तच दाखवतो. त्यापेक्षा महत्त्वाची पोलॅरिटी, म्हणजे प्लस कुठं आणि मायनस कुठं. खऱ्या फॅमिकॉमला मधली पिन निगेटिव्ह लागते, क्लोनमध्ये कधी अशी कधी तशी, त्यामुळे नवीन अ‍ॅडॉप्टर आणायच्या आधी जुन्यावरचं ते गोल चिन्ह नीट बघा.

आता ही दुसरी छोटी पट्टी. पत्र्याला चिकटून उभा असलेला तीन पायांचा काळा पार्ट म्हणजे ७८०५, ह्याचं काम एकच, आत येईल ते ९-१० व्होल्ट घ्यायचे आणि बाहेर बरोब्बर ५ द्यायचे. दुरुस्तीवाला इथंच आधी हात लावतो कारण इथं ५ आले की अर्धं निदान झालं. आपल्या सेटमध्ये बाहेर शून्य. आत पण शून्य! म्हणजे ७८०५ बिचारा ठणठणीत आहे, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. इथं भिंगातून बघा, अ‍ॅडॉप्टरची पिन जिथं खुपसतो त्या जॅकच्या पायाभोवती सोल्डरला गोल तडा गेलाय, ड्राय सोल्डर. पोरं खेळता खेळता वायरीत पाय अडकवायची, सेट ओढला जायचा, प्रत्येक वेळी ह्या जॅकला हिसका बसायचा. जुनं सोल्डर काढलं, फ्लक्स लावला, नवीन भरलं, आणि लाल दिवा लागला.

(लाल दिवा, मग टीव्हीवर मुंग्या)

दिवा लागला म्हणजे चित्र आलं असं नाही. ह्या सेटमध्ये चित्र आणि आवाज एका पत्र्याच्या डबीत जातात, तो आरएफ मॉड्युलेटर, तो एक चिमुकलं टीव्ही स्टेशनच बनवतो आणि ते आपण अँटेनाच्या भोकात लावून चॅनल शोधायचो. आत्ताही ट्यून केल्यावर चित्र आलं पण त्यात आडवे काळपट पट्टे वर सरकत होते आणि स्पीकरमधून घूं असा आवाज. हा कपॅसिटरचा त्रास. ७८०५ च्या अलीकडं १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, अ‍ॅडॉप्टरमधून येणारी लहर सपाट करायला, आणि त्याच्या आतलं द्रव वर्षानुवर्षं हळूहळू वाळतं, बाहेरून फुगलेला दिसलाच पाहिजे असं काही नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा पार्ट अगदी किरकोळ पैशात मिळतो. १६ व्होल्टचा होता, मी २५ चा घातला, चालतो, फक्त निगेटिव्हची पट्टी जुन्याच्या जागीच यायला पाहिजे. पट्टे गेले.

आणि आरएफ डबीत जाणाऱ्या वायरींमध्ये एक शुद्ध व्हिडिओची असते. तिथून एका ट्रान्झिस्टरमधून बाहेर काढून पिवळा एव्ही सॉकेट बसवला की नवीन टीव्हीवर पण स्वच्छ चित्र येतं. मूळ डबीची वायर मी काढलेली नाही, दोन्ही चालतात, जुन्या वस्तूत जे परत पूर्ववत करता येत नाही ते करू नये ह्या मताचा मी आहे.

कॅसेट. ह्यावर मला जरा मोठ्यानं बोलायचंय. फुंकर मारू नका! फुंकरीनं काहीही होत नाही, आपण कॅसेट काढून परत बसवायचो तेव्हा पिना घासल्या जायच्या आणि म्हणून गेम चालू व्हायचा, श्रेय मात्र फुंकरीला. उलट तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि गंज चढतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा, वाळू द्या, बास.

ही कॅसेट म्हणते ९९९९९९९ इन १. आतमध्ये मोजून थोडेच गेम असतात, टँक, सर्कस, गलॅक्शियन, रोड फायटर, मारिओ वगैरे, आणि बाकी यादी म्हणजे तेच गेम वेगळ्या नावानं. पण ती नुसती फसवणूक नव्हती, त्यात काम होतं. मेनूचा प्रोग्रॅम कुणीतरी वेगळा लिहिलेला असायचा, आणि यादीतल्या नंबरप्रमाणे तो गेम सुरू करताना मेमरीत दोन-चार आकडे बदलून ठेवायचा, म्हणून एका नंबरवर मारिओ पहिल्या लेव्हलपासून तर दुसऱ्यावर थेट पुढच्या वर्ल्डमधून. ते मेनू लिहिणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

(रिमोट उघडा, रबराखाली काळे ठिपके)

रिमोटमध्ये आठ बटणं, आणि त्यांच्यासाठी डेटाची वायर फक्त एक. कसं? सेट आधी एका वायरीवर इशारा देतो, त्या क्षणी कुठली बटणं दाबलेली आहेत ते रिमोटमधली चिप धरून ठेवते, मग दुसऱ्या वायरीवर एकेक ठोका येतो आणि प्रत्येक ठोक्याला एकेका बटणाची खबर जाते, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, ह्याच क्रमानं. पाच वायरी, ५ व्होल्टची आणि अर्थिंगची धरून. हे प्रत्येक फ्रेमला, म्हणजे टीव्हीवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, होतं. मला हे डिझाईन फार आवडतं, इतकं कमी आणि इतकं पुरेसं. इथं उजव्या रिमोटची वायर गळ्यापाशी आतून तुटली होती, वरून प्लास्टिक शाबूत. तेवढा तुकडा कापला, पाचही वायरी आतून सलग आहेत का ते मीटरनं बघून परत जोडल्या. रिमोटमधला गोळा मेला असता तरी चाललं असतं, ४०२१ नावाची साधी आयसी आजही मिळते आणि ती हेच काम करते, निन्टेन्डोच्या अस्सल रिमोटमध्ये तीच होती.

आता चालू झालाय, तर एक प्रयोग. मारिओची पहिली लेव्हल लावा आणि काही न करता उभे राहा, टाइम ४०० पासून शून्यावर येईपर्यंत घड्याळ लावा. मारिओच्या घड्याळातला एक आकडा २४ फ्रेमनी कमी होतो. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, म्हणजे तिथं साधारण १६० सेकंद. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५०, म्हणजे इथं साधारण १९२. ह्या सेटवर १९२ च्या आसपासच आले. म्हणजे आपण जो मारिओ खेळलो तो जपानपेक्षा एक षष्ठांश हळू होता, आणि ते म्युझिक, जे आजही कुणी गुणगुणलं की आपण वळून बघतो, तेही आपल्याकडं संथ वाजायचं. सूर मात्र जवळपास तोच, कारण सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतो. निन्टेन्डोच्या अधिकृत पाल मशीनमध्ये प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा होता, तर पाल देशांसाठी बनलेल्या बहुतेक क्लोनमध्ये तो १.७७ ठेवला, जपानच्या १.७९ च्या अगदी जवळ. त्याहून पुढचं म्हणजे पालचं चित्र ३१२ ओळींचं, जपानचं २६२ चं, त्या ५० जादा ओळींचा मोकळा वेळ क्लोन बनवणाऱ्यांनी अशा ठिकाणी सरकवला की जपानी गेमला तो जाणवतच नाही. त्यामुळे जपानच्या कॅसेटी आपल्या टीव्हीवर फारसं न बिघडता चालायच्या. कुठल्यातरी अनामिक इंजिनिअरनं बसून हे जमवलंय, आपल्यासारख्या देशांसाठी, आणि त्याला नक्कल म्हणून सोडून देतात.

दोन गोष्टी दुरुस्त करायच्या नसतात. एका ओळीत खूप शत्रू आले की चित्रं लुकलुकतात, तो बिघाड नाही, चिपला एका ओळीवर आठच हलती चित्रं काढता येतात, अस्सल मशीनमध्येही तसंच. आणि टीव्हीवर नेम धरायची ती बंदूक. बदकांचा गेम नवीन सपाट टीव्हीवर चालणार नाही, कारण चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर त्याच फ्रेममध्ये तो उजेड शोधतो, नवीन टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतो. त्याला जुना पिक्चर ट्यूबवालाच टीव्ही पाहिजे. पण तो टीव्ही स्वतः उघडू नका, आत जीवघेणा व्होल्टेज राहतो, बंद केल्यावरसुद्धा.

दादाला व्हिडिओ कॉल लावला, आत्या मागं उभी, तो म्हणाला, "सर्कस लाव, दुसरी लेव्हल, दोरीवरची माकडं," आणि पुढं अर्धा तास फोन ठेवायला तयार नाही.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल, किंवा जुन्या बाजारात दिसला, चालू असो नसो, तर विकण्याआधी उघडून बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात. पांढऱ्या रंगानं छापलेला बोर्डचा नंबर वाचता आला पाहिजे, तो बहुतेक कोपऱ्यात किंवा गोळ्याशेजारी असतो. अ‍ॅडॉप्टरचं लेबल, खोका असेल तर खोका, आणि मल्टी कॅसेट असेल तर मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो, कारण तसा मेनू असलेली दुसरी कॅसेट कदाचित कुणाकडंच शिल्लक नसेल. पुढच्या भागात ही पिवळी कॅसेट रीडरवर लावून तिच्यातला सगळा डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहोत, मेनूसकट.