खाऊ बदलला, रूप बदललं

नमस्कार श्रोतेहो. वसईकडच्या पानमळ्यात कधी गेलात तर एखाद्या मरत्या वेलीच्या बुंध्याशी वाकून बघा. पांढरी जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम रोल्फसाय. मातीत राहणारी बुरशी. प्रयोगशाळेत हिला खाऊ बदलून दिला की हिचं रूप बदलतं.

नेहमीचा खाऊ बटाट्याचा. लिटरभर पाण्याला 200 ग्रॅम बटाट्यांचा काढा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज नावाची साखर, 20 ग्रॅम अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते प्रयोगशाळेत आलं 1881 साली, फॅनी हेसे या बाईंनी स्वयंपाकघरातलं सुचवलं म्हणून. बुरशी वाढवायच्या बशीला मात्र पेट्रीचं नाव, अगरला बाईंचं नाही. मला हे फार लागतं.

एमएस्सीला असतानाची गोष्ट. भर जुलैत वसईहून कुजलेल्या वेलीचा तुकडा लोकलने आणला. बटाट्यावर ठेवला, तर भलत्याच हिरव्या बुरशीनेही जोर धरला. आमच्या बाई म्हणाल्या, "नुसतं पाणी आणि अगर घे. उपाशी ठेव तिला." तिसऱ्या दिवशी बटाट्याच्या बशीत कापूस दाटलेला, आणि साध्या अगरची बशी रिकामी! हिरमुसून ती धुवायला निघाले. प्रयोगशाळेतले काका ओरडले, "पोरी, थांब! उजेडाकडे तिरपी धर." धरली. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू, थेट काठापर्यंत पोचलेले. बुरशी अन्न शोधत धावली होती, श्रोतेहो! बाईंनी त्यातल्याच एका तंतूचं टोक कापून पुन्हा बटाट्यावर ठेवलं. या वेळी शुद्ध, पांढरीशुभ्र वाढ. पुढे त्यावर दाणेही धरले, आधी पांढरे, मग तपकिरी.

म्हणून नुसती पट्टी लावून वाढ मोजू नये. पुन्हा सांगते, नुसती पट्टी नको. दोन्ही बशांत बुरशी काठाला पोचली होती, पण एकीत दाट आणि दुसरीत विरळ. खरी वाढ कळायला अगर न घातलेल्या पातळ खाऊत वाढवायची, गाळायची, वाळवायची आणि वजन करायचं.

ते दाणे बंद बाटलीत घेऊन मी परत वसईला गेले. मळेवाल्या काकूंनी बाटली डोळ्यांजवळ नेली, काही न बोलता खाली बसल्या आणि वेलीच्या बुंध्याची माती बोटांनी उकरायला लागल्या.