अल्फाहोर: रंग दुधाला, बिस्किटाला नाही

नमस्कार श्रोतेहो. आज ओव्हन तापवायचाय, पण जरा वेळाने. आधी गॅसवर दूध ठेवू.

आपण करणार आहोत अर्जेंटिनाचे अल्फाहोर. दोन पांढरी, तोंडात टाकताच विरघळणारी बिस्किटं, मध्ये दुधाच्या कॅरॅमलचा जाड थर आणि कडेला खोबऱ्याचा कीस. पदार्थ मूळचा स्पेनमधल्या आंदालुसियाचा. तिथे तो अजूनही मध, सुकामेवा आणि मसाल्यांचा असतो. अर्जेंटिनात मधाची जागा आटवलेल्या दुधाने घेतली. आता तिथल्या कुठल्याही टपरीवर अल्फाहोर मिळतात. मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरी सुट्टीला गेलेला माणूस येताना त्यांचा खोका घेऊनच येतो, आपण लोणावळ्याहून चिक्की आणतो तसा. ते बरेचदा चॉकलेटात बुडवलेले असतात. घरी करायचे ते मात्र कॉर्नफ्लोरचे, आणि माझ्या मते तेच जास्त चांगले.

तर दूध. तिथे याला दुल्से दे लेचे म्हणतात. 1829 मध्ये रोसास नावाच्या सेनानीच्या छावणीत गडबडीत दासी चुलीवरचं गोड दूध विसरली आणि हे तयार झालं, अशी कथा सांगतात. कथा छान आहे, पण दूध चुलीवर विसरायला सेनानीची छावणी कशाला हवी?

एक लिटर सायीचं दूध, पाव किलो साखर, पाव चमचा खाण्याचा सोडा. बासुंदीला सरावलेल्यांनी इथे लक्ष द्या. बासुंदीत साखर शेवटी पडते, इथे ती सुरुवातीलाच घालायची. आणि सोडा कशाला? दूध आटतं तसा त्यातला आंबटपणाही वाढत जातो आणि ते फाटू शकतं. सोडा तो आंबटपणा मारतो. शिवाय सोड्यामुळे दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर यांची प्रक्रिया जोरात होते आणि तपकिरी रंग चढतो. म्हणजे इथे साखर जाळायची नाही, दूधच सावकाश रंगवायचं. सोडा पडला की दूध भसकन वर येतं, म्हणून पातेलं चांगलं मोठं घ्या. तळाला लागू नये म्हणून तिकडे काही घरांत पातेल्यात काचेच्या गोट्या टाकतात. आपल्याकडे बशी ठेवतात. दोन्ही चालतं, फक्त गोट्या शेवटी मोजून काढा!

मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं. मग दूध बदामी होतं, मग तपकिरी, आणि उलथण्यामागे पातेल्याचा तळ दिसायला लागतो. आता तिथून हलायचं नाही. थंड बशीवर थेंब टाका, बशी तिरकी करा. थेंब ओघळला नाही की गॅस बंद. वेळ नसेल तर कंडेन्स्ड मिल्क स्टीलच्या डब्यात ओता, झाकण लावा आणि कुकरमध्ये पाणी घालून पाऊण तास शिजवा. बंद टिन मात्र उकळत ठेवू नका, पाणी आटलं तर तो फुटतो.

आता बिस्किटं. शंभर ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि पाऊण वाटी पिठीसाखर फेसून घ्या. त्यात अंड्याचे दोन पिवळे बलक आणि लिंबाची किसलेली साल घाला. अंडं नको असेल तर दोन-तीन चमचे दूध. मग दीडशे ग्रॅम कॉर्नफ्लोर, शंभर ग्रॅम मैदा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळून घाला. कॉर्नफ्लोर म्हणजे ते पांढरं, बोटांत करकरणारं स्टार्च. भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे! मैद्यापेक्षा ते जास्त असतं, हीच या बिस्किटाची खरी गंमत. स्टार्चला चिवटपणा नसतो, म्हणून बिस्किट भुसभुशीत होतं. त्यामुळे मळू नका. पीठ नुसतं गोळा करा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या उकाड्यात तर ठेवाच, नाहीतर लाटताना लोणी सुटतं.

अर्धा सेंटीमीटर जाड लाटा आणि लहान वाटीने गोल कापा. 175 अंशांवर आठ ते दहा मिनिटं. खरी परीक्षा इथेच आहे. नानखटाईची सवय असलेला हात तांबूस कडेची वाट बघतो. इथे वाट बघायची नाही. वरून पांढरं, बोटाला मऊ, अगदी कच्चं वाटावं असं असतानाच ट्रे बाहेर काढा. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, हमखास तुटतात.

मग एका बिस्किटावर चमचाभर दुल्से दे लेचे ठेवा आणि दुसऱ्याने हलकेच दाबा, कडेने जरा बाहेर यायला हवं. त्या चिकट कडेवर सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस लावा. डबा घट्ट लावून रात्रभर ठेवा. सारणातला ओलावा बिस्किटात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ती जास्त मऊ लागतात. सारण उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पोळीबरोबर दोन दिवसांत संपतं.