नववीच्या जॉमेट्रीतला ‘बी’

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अमेरिकेत कॉलेज बदलताना हायस्कूलच्या ग्रेड्सना किती महत्त्व?’ विषयाकडे येतोच. आधी एका फायलीबद्दल बोलू द्या.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मला घरी बोलावलं. मुलगा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजच्या, दुसऱ्या वर्षाला. त्याला इंजिनिअरिंगसाठी युसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जायचंय. वडिलांनी टेबलावर ही जाडजूड फाईल ठेवली. नववीपासूनचं एकेक रिपोर्ट कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात. जॉमेट्रीतल्या ‘बी’भोवती लाल गोल. ‘याचं काय करायचं?’ आई म्हणाली, ‘त्या वर्षी आम्ही घर बदललं होतं, हे निबंधात घालू का?’ मुलगा मान खाली घालून फोन बघत होता. मी त्याला विचारलं, या सेमिस्टरला काय काय घेतलंयस? तर म्हणतो, कॅल्क्युलस घेतलंय, पण सोडीन म्हणतोय. घरात शांतता! हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

हसताय काय? आपण असेच. दहावीचे टक्के निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगणारी माणसं आपण. एका सद्गृहस्थांनी तर मला माझेच विचारले होते. असो. ते नाही सांगणार.

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता पटापट. कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षात येणाऱ्याकडून युसी 60 सेमिस्टर युनिट्स, म्हणजे कोर्स पास होऊन मिळवलेली क्रेडिट्स, मागते. शिवाय राज्यातल्या रहिवाशाला किमान 2.4 जीपीए, म्हणजे ग्रेड्सची चारपैकी सरासरी, बाहेरच्याला 2.8. हा जीपीए कॉलेजच्या कोर्सेसचा. हायस्कूलच्या ग्रेड्स त्यात धरतच नाहीत. अर्थात 2.4 घेऊन युसीच्याच बर्कलीच्या इंजिनिअरिंगची स्वप्नं बघू नका. तिथे इतर मुलांचे आकडे फार वर असतात, आणि कॅल्क्युलससारखे मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, कोर्स झालेले लागतात.

खाजगी विद्यापीठांची गोष्ट वेगळी. त्यांतली बरीच हायस्कूल ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या ग्रेड्सचा अधिकृत उतारा, मागतात. पहिल्याच वर्षी अर्ज केलात तर मार्चच्या सुमाराला त्यांच्यापुढे कॉलेजचं एकच सेमिस्टर असतं. मग ते हायस्कूलच बघणार, दुसरं आहे काय त्यांच्याकडे? दोन वर्षं कॉलेज केल्यावर तेच वजन झपाट्याने उतरतं. मधे कुठे रेघ मारायची हे जिथलं तिथे ठरतं. क्रेडिट्स कमी असतील तर सरकारी विद्यापीठंही पुष्कळदा हायस्कूलचे कागद मागतात.

आणखी एक, हे कोणी विचारतच नाही. नव्या कॉलेजात सहसा क्रेडिट्स येतात, जीपीए येत नाही; तो पुन्हा पहिल्यापासून. ‘सी’च्या खालची ग्रेड असेल तर बहुतेक ठिकाणी क्रेडिटही नाही. कोर्स मान्य होताना सिलॅबस मागू शकतात, तेव्हा फाईल करायचीच असेल तर सिलॅबसची करा.

आणि कॅल्क्युलस ठरलेल्या मुदतीनंतर मधेच सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘विथड्रॉन’, येतो, तो युसीच्या अर्जात लिहावाच लागतो. हॉल सोडायचाय म्हणे. उरलेले प्रश्न पार्किंगमध्ये घेऊ.