लक्ष्या नसताना तात्या विंचू

(काळा पडदा. फरशीवर छोट्या पावलांचा आवाज.)

ही पावलं कुणाची, हे नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना सांगावं लागत नाही. रात्री पाणी प्यायला उठल्यावर स्वयंपाकघरातला दिवा आधी का लावायचो, तेही सांगावं लागत नाही.

१९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये 'झपाटलेला २'. या वेळी थ्रीडी. डोळ्यांवर चष्मा चढवून आपण पुन्हा त्याच बाहुल्याला, तात्या विंचूला, भेटायला गेलो. अनेकांच्या शेजारी आता त्यांची स्वतःची मुलं बसली होती.

दुसरा पहिल्याच्या तोडीचा झाला का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्याचं कारण विचारलं, तर बहुतेक जण एका वाक्यात सांगतात, पहिल्यात लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. ते खरंच आहे. १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत गेले, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी. पण लक्ष्मीकांत नव्हते म्हणजे नेमकं काय नव्हतं? मला तिथवर जायचंय.

(जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं थरथरणारं चित्र.)

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तात्या विंचू हा अट्टल गुंड. बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून त्याला आत्मा दुसरीकडे घालायचा मंत्र मिळतो. पोलिसांच्या गोळीनं मरता मरता तो आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला जाऊन पोचतो लक्ष्याच्या हातात. पुन्हा माणूस व्हायचं, तर बाहुल्यातलं आपलं खरं रूप ज्याला पहिल्यांदा दाखवलं त्याच्याच शरीरात शिरावं लागणार. म्हणजे लक्ष्याच्याच.

ही कल्पना मुळात १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटातली. तिथं बाहुला एका लहान मुलाच्या हातात पडतो. मराठीत येताना त्या मुलाच्या जागी बोलक्या बाहुल्याचं वेड असलेला एक वाढलेला, भाबडा माणूस आला. मला हा बदल फार मोठा वाटतो. मूल घाबरलं की आपण हसत नाही. लक्ष्या घाबरला की आपण हसतोही, आणि त्याच क्षणी आपल्याही पोटात गोळा येतो. एकाच चेहऱ्यावर विनोद आणि भीती एकत्र. सगळा चित्रपट त्या चेहऱ्यावर उभा आहे.

(एक शब्दभ्रमकार आणि मांडीवरचा बाहुला. आवाज बंद.)

तात्या विंचूचा बाहुला घडवला तो रामदास पाध्ये यांनी. ज्या घरात त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला जन्माला घातला, त्या घरातला हा कलाकार. शब्दभ्रमाच्या कलेत ओठ न हलवता बोलायचं असतं. प, ब, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरं तर परीक्षाच घेतात. पण बाहुला जिवंत होतो तो दुसऱ्याच एका गोष्टीनं. बाहुला बोलत असताना कलाकार त्याच्याकडे बघतो, मन लावून ऐकतो, कधी चपापतो. कलाकार जिकडे बघतो तिकडे प्रेक्षक बघतो. समोरच्यानं ऐकलंच नाही, तर बाहुला लाकूडच राहतो.

लक्ष्मीकांत यांनी 'झपाटलेला'मध्ये हेच केलं. दिलीप प्रभावळकर यांनी तात्याला आवाज दिला, तो खरखरीत, खुनशी आणि तरीही ऐकत राहावासा वाटणारा. पण त्या दीड-दोन फुटांच्या वस्तूला वजन आलं लक्ष्याच्या नजरेमुळे. कंठ दाटलेला, डोळे विस्फारलेले, वाक्य अर्ध्यावर तुटलेलं. त्याचा विश्वास बसला म्हणून आपला बसला. बाकी कुणाचाच त्याच्यावर विश्वास नव्हता, संशय त्याच्यावरच होता. त्यामुळे थिएटरात बसलेले आपण सारे त्याचे एकमेव साक्षीदार झालो होतो.

(रंग बदलतात. स्वच्छ, चकचकीत चित्र.)

आता २०१३. पटकथेनं एक गोष्ट फार सभ्यपणे केली आहे. लक्ष्याच्या भूमिकेत दुसऱ्या कुणाला उभं केलेलं नाही. गोष्टीतही लक्ष्या हयात नाही. म्हणून तात्या त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. आणि आदित्य झाला आहे आदिनाथ कोठारे. 'धूमधडाका'पासून ज्या मित्राबरोबर एकामागून एक चित्रपट केले, त्या मित्राच्या पडद्यावरच्या मुलाची भूमिका दिग्दर्शकानं आपल्या स्वतःच्या मुलाला दिली. हे आठवलं की मला या चित्रपटावर रागावता येत नाही.

पण पडद्यावर काय होतं ते पाहा. आदित्य तरुण, देखणा, धीट. हसवायचं काम मकरंद अनासपुरे यांच्याकडे. अनासपुरे आपलं काम चोख करतात, त्यांच्या बोलीला टाळ्या मिळतात. पण तात्याला शरीर हवंय ते आदित्यचं. म्हणजे ज्याच्या जिवावर बेतलंय तो हसवत नाही, आणि जो हसवतो त्याच्यामागे बाहुला लागलेला नाही. पहिल्या चित्रपटात एकाच माणसात असलेलं भय आणि हसू इथं दोघांत वाटलं गेलं. हसताना आपण निर्धास्त असतो, आणि घाबरायच्या वेळी हसू येत नाही.

आणि थ्रीडी. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट हा मान यानं मिळवला. कोठारे यांना तंत्राची ओढ आधीपासूनची, १९९० साली 'धडाकेबाज' त्यांनी सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद चित्राच्या तंत्रात, आणला होता. ती हिंमत मला मनापासून आवडते. पण थ्रीडीत बाहुला पडद्यातून थेट आपल्या अंगावर येतो. मधे कुणी नसतं. आपण दचकतो, पुढच्या क्षणी चष्मा सारखा करतो आणि विसरतो. १९९३ मध्ये तो आपल्यापर्यंत लक्ष्याच्या डोळ्यांतून यायचा, आणि आला की घरी सोबत यायचा.

आवाज मात्र तोच होता. प्रभावळकरांचा तात्या दुसऱ्या चित्रपटात पहिल्यांदा बोलतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग मी नकळत पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं. तो आवाज ऐकून ज्याची पाचावर धारण बसायची, त्या माणसाला शोधत होतो.

'झपाटलेला' पुन्हा लावाल तेव्हा एक करा. बाहुला आणि लक्ष्या समोरासमोर आले की आवाज पूर्ण बंद करा, आणि बाहुल्याकडे बघू नका. फक्त लक्ष्याच्या चेहऱ्याकडे बघा. तात्या काय म्हणतोय ते कळेल.

(लक्ष्याचे डोळे. चित्र थांबतं.)