मरळ माशाचा श्वास

(देवरुख येथील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मरळ मासा सहजासहजी मरत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. बाजारात मरळ घमेल्यात, चार बोटं पाण्यात जिवंत विकायला ठेवलेला दिसतो. भातखाचर आटलं तरी तो चिखलात तग धरतो. पहिल्या पावसात बांधावरच्या ओल्या गवतातून सरपटत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जातो. हे सगळं खरं आहे, आणि याच गुणापायी घरातल्या टाकीत त्याचे हाल होतात. पाणी बिघडलं की बाकीचे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात, धापा टाकतात, आपल्या लक्षात येतं. मरळ तसं काही दाखवत नाही. आठवडेच्या आठवडे तो सोसत राहतो आणि एके दिवशी अंगावर लाल चट्टा उमटतो. मग घरातले म्हणतात, कालपर्यंत तर ठणठणीत होता! तो ठणठणीत नव्हता, तग धरून होता. या दोन गोष्टींतलं अंतर ओळखता आलं तर मरळ पाळता येतो. मला आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी कुठला मरळ पाळायचा ते ठरवू. आषाढात तळ्यात लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसतो आणि मुलं ती पिल्लं बरणीतून घरी आणतात. ती बहुधा मोठ्या मरळाची, म्हणजे चन्ना स्ट्रायाटाची पिल्लं असतात. हा मासा मीटरभर वाढू शकतो. चन्ना मारुलियस त्याहून मोठा. दिवाणखान्यातल्या कुठल्याही टाकीत यांना जागा पुरणार नाही, तेव्हा त्यांचा विषय इथेच सोडू. घरात पाळण्याजोगा आपला मासा म्हणजे चन्ना गचुआ, ज्याला बऱ्याच ठिकाणी डोक किंवा डोकऱ्या म्हणतात. हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. साधारण वीतभर लांबी, पंखांना नारिंगी कड, अंगावर निळसर झाक. आपल्या व्हाळांत, पऱ्यांत म्हणजे लहानमोठ्या ओढ्यांत, शेताच्या कडेच्या चरांत तो राहतो. एका जोडीला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी द्या. त्यात काठोकाठ पाणी भरलं तर साधारण 190 लिटर मावेल. पण काठोकाठ भरायचं नाही, आणि का भरायचं नाही तिथूनच खरा विषय सुरू होतो.

या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतला प्राणवायू शोषून घेणारी एक पोकळी असते. कल्ले असतातच, पण मरळ कुळातल्या अनेक जातींना नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. वर येऊन हवेचा घोट घेता आला नाही तर मासा पाण्यात गुदमरून मरतो. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात किमान चार बोटं मोकळी जागा हवी. झाकण घट्ट आणि वजनदार हवं, कारण हे मासे उडी मारतात. फिल्टरची नळी जाते त्या कोपऱ्यातल्या दोन इंचांच्या फटीतूनही डोक बाहेर पडतो. तिथे स्पंज कोंबा किंवा जाळी बसवा. घरी पाळलेले मरळ आजारापेक्षा जमिनीवर वाळून अधिक मरत असावेत, असं माझं मत आहे. मृगाचे ढग आले, हवा बदलली की झाकणाकडे अधिक लक्ष द्या. व्हाळात याच दिवसांत चढणीचे मासे वर निघतात, टाकीतला मासाही अस्वस्थ होतो.

हवेवर जगण्याचा आणखी एक अर्थ आहे, जो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या खोलीतली हवा हा मासा आत घेतो. पृष्ठभागावर तेलाचा तवंग असेल तर तो त्यातूनच तोंड वर काढतो. आपल्याकडे संध्याकाळी डासांसाठी फवारा मारतात, कॉइल लावतात, प्लगमध्ये बाटली लावून ठेवतात. यांतली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत, पण माशांना अत्यंत विषारी आहेत. फवारा हवेतून पाण्यावर बसतो, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो ती वेगळीच. टाकी असलेल्या खोलीत डासांचं औषध वापरू नये, मच्छरदाणी लावावी. हापूसच्या बागांतही तुडतुड्यांसाठी याच गटातली औषधं फवारतात. मोहोराच्या दिवसांत बागेजवळचे नाकतोडे, गांडुळं किंवा वाळकी पानं उचलून टाकीत घालू नका.

आता पाण्याकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोकणातलं पाणी वेगळं आहे आणि त्याचा सापळाही वेगळा आहे.

मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. जिवाणूंचा हा संसार बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली, पाणी भरलं आणि संध्याकाळी मासा सोडला, तर अमोनियाने कल्ले भाजतात. दुसरा कुठला मासा असता तर दोन दिवसांत गेला असता. डोक हवेवर श्वास घेऊन जगतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान आहे. हवेचा घोट त्याला प्राणवायू देतो, अमोनियापासून वाचवत नाही.

जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ असतं, म्हणजे त्यात चुनखडीचा अंश फार कमी. गचुआला ते मानवतं, त्याचे पऱ्ये तसेच असतात. अडचण पुढे येते. फिल्टरमधले जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार संपवत जातात आणि मुळात थोडाच असलेला क्षार संपला की पाणी आम्ल होत जातं. फार आम्ल पाण्यात जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. आम्ल पाण्यात तो अमोनियम या कमी घातक रूपात राहतो, त्यामुळे मासा अजून बरा दिसतो. मग दोन महिन्यांनी मालकाला जाग येते आणि तो एकदम निम्म्याहून जास्त पाणी बदलतो. नव्या पाण्याने आम्लता कमी होते, म्हणजे सामू (पीएच) वर चढतो, साठलेलं अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं आणि त्याच रात्री मासा जातो. स्वच्छता करूनही मासा मेला, असं ज्यांच्या बाबतीत झालं असेल त्यांनी हे कारण तपासून पाहावं. उपाय सोपा आहे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, कंटाळा करू नका. फिल्टरच्या पिशवीत मूठभर फोडलेले शिंपले ठेवले तर क्षार हळूहळू सुटत राहतो. मूठभरच हं! दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरून पाटीभर शिंपले आणि समुद्राची वाळू आणून टाकी सजवली तर पाणी नको इतकं कठीण होईल. तळाला नदीची धुतलेली वाळू आणि जांभ्याचे चिरे उत्तम. देशी बदामाची झाडावरून आपसूक गळलेली वाळकी पानं दोन-चार घालावीत. पाणी चहाच्या रंगाचं होतं, माशाला आडोसा मिळतो आणि तो बुजत नाही.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. आपल्या आरोग्यासाठी ते हवंच, पण त्या क्लोरीनने कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात. विहिरीचं पाणी आहे, म्हणजे क्लोरीन नाही, असं धरून चालू नका. जून ते सप्टेंबर पाणी बदलताना सोडियम थायोसल्फेट वापरा, दुकानात अँटिक्लोर म्हणून मिळतं.

वीज हा आपला नेहमीचा प्रश्न. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. वीज गेली म्हणून मरळ गुदमरणार नाही, पण बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना मरतात. विशेषतः बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तासांत पाणी कुजतं. वीज आल्यावर तो तसाच चालू केला तर ती सगळी घाण टाकीत येते. आधी डबा उघडून, स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुऊन, मग चालू करा. वीज नसेल तितके दिवस खाणं पूर्ण बंद. मोठ्या डोकला आठवडाभर उपास सहज झेपतो. माझा कल साध्या स्पंज फिल्टरकडे आहे, कोकणात तोच निभावतो.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत टाकीचं पाणी 33 अंशांवर जातं. डोक हा सावलीतल्या वाहत्या पाण्यातला मासा. 20 ते 26 अंशांत तो खुलतो. पाण्यावर पंखा लावून गारवा आणायची युक्ती घाटावर चालते. आपल्याकडे हवा दमट, पाणी उडत नाही, म्हणून पंख्याने फार थोडा फरक पडतो. टाकी कौलारू घराच्या माजघरात, जमिनीलगत ठेवा. हिवाळ्यात हीटर लावू नका, पाणी उतरू द्या. याच कारणासाठी ईशान्येकडचे रंगीत मरळ घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगतो. कुर्ल्याच्या बाजारात चन्ना ब्लेहेरी, चन्ना अँड्राओ पाहून मन होतं, मान्य. पण त्या जातींना खरी थंडी लागते. बारा महिने उबेत ठेवलं तर त्या खंगतात, आणि समुद्रकाठी आपण ती थंडी देऊ शकत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. गांडूळ, ताजी सोललेली कोळंबी, किडे, आणि सवय लावली तर पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. पूर्ण वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज मागतो म्हणून रोज देऊ नका, याला मागायची सवयच असते. कोंबडीची चरबी नको. तारलीच्या कुळातल्या काही माशांच्या कच्च्या मांसात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, म्हणून बाजारातली उरलेली तारली रोज टाकणंही बरं नव्हे. खारवलेला सुका जवळा तर अजिबात नको. जिवंत मासे खाऊ घालण्याची हौस सोडा, त्यांच्याबरोबर रोग येतात.

सगळ्यात भयंकर रोग म्हणजे व्रणांचा. अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे तो होतो. भारतात 1988 मध्ये तो ईशान्येकडे प्रथम पसरला आणि मरळ कुळाला त्याने फार झोडपलं. पाणी गार होतं त्या दिवसांत तो बळावतो. आधी लाल ठिपका, मग खोल जखम. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने तलावांसाठी सिफॅक्स हे औषध काढलं, पण खोल व्रण झालेल्या माशाला घरच्या टाकीत वाचवणं कठीण आहे. म्हणून बाहेरून आणलेला प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळी आणि बादलीही वेगळी.

आता रोज करायची गोष्ट. मासा शांत असताना घड्याळ घेऊन समोर बसा आणि दोन श्वासांमधलं अंतर मोजा. प्रत्येक माशाची आपली एक लय असते, उन्हाळ्यात ती जलद, थंडीत संथ. वहीत लिहून ठेवा. तापमान तेच असताना अंतर घटलं, तो वारंवार वर येऊ लागला, तर कल्ल्यांना काहीतरी होतंय. त्या दिवशी अमोनिया तपासा, खाणं थांबवा, थोडं पाणी बदला. चट्टा दिसण्याच्या कितीतरी आधी ही खूण मिळते. मरळ आपलं दुखणं दाखवतो तो इथेच.

एक अपवाद. डोकचा नर अंडी तोंडात धरून पिल्लं वाढवतो. अशा वेळी त्याचा जबडा फुगलेला दिसतो, तो खात नाही, कोपऱ्यात राहतो. घाबरून औषध घालू नका, टाकीत हातही घालू नका. दचकला तर अंडी गिळतो. पाऊस सुरू झाला की व्हाळातले नरही याच कामात असतात, म्हणून त्या महिन्यांत तिथून मासा आणू नये. बाप उचलला की अख्खी वीण जाते. आणायचाच तर थंडीत आणा, नाहीतर कुणाच्या टाकीत झालेली पिल्लं घ्या. पाच-सहा लहान एकत्र वाढवले की त्यांतून जोडी आपसूक जुळते. जुळली की उरलेले लगेच वेगळे करा, नाहीतर जोडी त्यांना मारून टाकते.

आणि पाळणं जमलं नाही तर? मासा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या. बाहेरून आणलेला मासा नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात 2002 मध्ये आशियातला उत्तरी मरळ सापडला आणि तो निपटण्यासाठी अख्ख्या तळ्यात विष घालावं लागलं. आपल्या पऱ्यातला डोकसुद्धा टाकीत राहिल्यावर परत सोडू नये, त्याच्याबरोबर टाकीतला रोग जगबुडीत, वाशिष्ठीत, शास्त्रीत उतरू शकतो. बदललेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता, पऱ्यात नाही. मेलेला मासा परसात खोल पुरा आणि जाळी उन्हात खडखडीत वाळवून मगच पुन्हा वापरा.