गाळणीतला तुकडा

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी मोटरसायकल घरी आली, हार घालून झाला, पेढे वाटून झाले, आणि पहिल्याच ऑईल बदलीला घमेल्यात काळ्या ऑईलबरोबर धातूचा एक तुकडा पडला. आता हा कुठला? गाडी तर नीट चालते. गियर पडतात, धूर नाही, आवाज नाही. पण असा तुकडा दिसला की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: "इंजिन उघडायला लागणार." आज मी सांगणार आहे ते एवढंच, की पाना उचलण्याआधी दोन वस्तू हातात घ्या. चुंबक आणि भिंग. आधी चुंबक, मग भिंग, पाना सगळ्यात शेवटी.

ऑईल कसं सोडायचं ते तुम्हाला माहीत आहेच. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट असतानाच सोडा, म्हणजे तळाचा गाळ त्याच्यासोबत येतो. घमेल्यावर जुन्या धोतराचं फडकं बांधा. फडक्यावर उरेल ते थोड्या डिझेलमध्ये धुऊन पांढऱ्या कागदावर पसरा. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं पिशवीत येतं आणि चुंबक कोरं राहतं. उघडं चुंबक फिरवलंत तर पुढचा तासभर ते पुसत बसाल.

चुंबकाला काजळासारखा मऊ, करडा लेप आला तर घाबरू नका, ती रोजची झीज. माशाच्या खवल्यासारखी चपटी कपची आली, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत, तर बेअरिंगचा किंवा गियरचा पृष्ठभाग सुटायला लागलाय. जाड तुकडा, तुटल्या जागी साखरेसारखा दाणेदार, तो बहुधा गियरच्या दाताचा. चुंबकाकडे ढुंकूनही न बघणारा, हलका, पांढरट तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा: पिस्टन, क्लचची हाऊसिंग, नाहीतर क्रँक केस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच. शंका वाटली तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, अ‍ॅल्युमिनियमला बुडबुडे येतात, पोलाद गप्प बसतं. हातमोजे घाला आणि भांडं काचेचं घ्या. घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलंत तर बुडबुडे पातेल्यालाच येतील. पिवळा कण बुशचा. आणि रबरासारखे लांबट किडे दिसले तर ते सिलिकॉन. पॅकिंग बसवताना आपल्याकडे ट्यूब अशी पिळतात, जणू केकवर नाव घालायचंय. बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, सुटून गाळणीवर जातं, आणि वरच्या कॅमला ऑईल पोचत नाही. जिथं नुसतं कागदी पॅकिंग पुरतं तिथं सिलिकॉन लावणाऱ्याची ट्यूब जप्त करावी, असं माझं मत आहे.

आता कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एक गोष्ट.

राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातून रोज पहाटे दूध घेऊन शहरात येणारा एक गवळी. दोन बाजूंना दोन कॅन, मध्ये तो. त्यानं शंभर सीसीची जुनी गाडी घेतली. विकणाऱ्यानं सांगितलं, डॉक्टरांची आहे, एकहाती वापरलेली. आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. इतके डॉक्टर गाड्या विकतात, तर दवाखान्यात जातात कशावर बसून कोण जाणे.

पहिल्या ऑईल बदलीला मिस्त्रीनं क्लच कव्हर काढून तळाची गाळणी ओढली. जाळीला एक तुकडा अडकलेला. सेंटिमीटरभर लांब, तारेसारखा, जवळजवळ सरळ. त्याच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक, कुरळे कण. मिस्त्री म्हणाला, "गजन पिनचं लॉक हाय हे. आणि हा पांढरा भुगा पिस्टनचा." गजन पिन म्हणजे पिस्टनमधली आडवी पिन, आणि लॉक म्हणजे तिला जागेवर धरणारी तारेची कडी. शेजारचा दुसरा मिस्त्री आला. तो म्हणाला, "लॉक तुटलं असतं तर पिननं सिलिंडर चिरला असता, गाडीनं धूर मारला असता. हे गियरबॉक्समधलं. केस फोडायला पायजे."

केस फोडायची म्हणजे इंजिन उतरवायचं, पुलर लावून मॅग्नेट काढायचा, क्लच काढायचा, केसचे दोन भाग वेगळे करायचे. आणि उघडलंच आहे म्हणून बेअरिंगं, सील, पॅकिंग सगळं नवीन. गाडी चार दिवस उभी. म्हशीला कोण सांगणार, चार दिवस थांब म्हणून?

पलीकडे लेथवर एक वयस्कर टर्नर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी तुकडा मागून घेतला आणि चुंबक लावलं. तुकडा हलला, पण उचलला गेला नाही. मामा म्हणाले, "लॉकचं, गियरचं पोलाद असतं तर टपकन चिकटलं असतं. हे स्टेनलेस हाय." स्टेनलेसची तार ओढून, वळवून कडक केली की तिच्यात थोडीशी चुंबकाची ओढ येते. थोडीशीच.

मग भिंग. तुकड्याचं तुटलेलं टोक बघितलं तर तार गोल नव्हती. पत्त्यातल्या चौकटसारखी होती, चार कोनांची. अशी तार इंजिनात कुठल्याच लॉकला नसते. मग मामांनी कुरळे कण बोटावर घेतले. "पिस्टन घासला तर चुरा पडतो. असं कुरळं हत्यारानं कापल्यावरच निघतंय. आता इंजिनात टॅप मारायला कोण बसलंय?" टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार.

दोन्ही मिस्त्री गप्प. मामा गवळ्याला म्हणाले, "पावनं, ड्रेन नटच्या भोकात जरा बॅटरी मारा की." आत बघितलं तर आटे अ‍ॅल्युमिनियमसारखे मळकट पांढरे नव्हते, लखलखीत होते. तारेची स्प्रिंग बसवलेली.

तर झालं होतं असं. आधीच्या कुणीतरी नट आवळून आवळून केसचे आटे घालवले. मग कुणीतरी मोठा टॅप मारून त्यात हेलिकॉइल बसवलं, आपल्याकडे ज्याला नुसतं स्प्रिंग म्हणतात ते. या स्प्रिंगच्या आतल्या टोकाला एक आडवी शेपटी असते. ती हत्यारात पकडून स्प्रिंग आत फिरवायची, आणि बसली की शेपटी ठोकून तोडायची. तोडलेली शेपटी चिमट्यानं बाहेर काढायची असते. इथं ती आत उडाली. ते बसवणाऱ्या मिस्त्रीनं चुंबकाची काडी फिरवली असेलही, पण स्टेनलेस तिला कसं दाद देणार? टॅपला ग्रीस लावलं नव्हतं, म्हणून कापलेला कीसही आतच राहिला. केस फोडायची गरजच नव्हती. आधी चुंबक, मग भिंग!

पुढचं काम तासाभराचं. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीत कागदी फिल्टर नसतो. तळाला जाळी असते आणि क्रँकच्या उजव्या टोकाला एक गोल डबी. ती क्रँकबरोबर फिरते आणि जड कण कडेला फेकते. गवळ्याला हे समजवावं लागलं नाही, डेअरीत साय वेगळी करणारं यंत्र त्यानं बघितलं होतं. डबी उघडली, आत चंदेरी चिखल घट्ट बसलेला. तो लाकडी काडीनं खरवडला, जाळी धुतली, कव्हरला नवं कागदी पॅकिंग, नटला नवा वॉशर. ऑईल पुस्तिकेतल्या मापानं भरून डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून पातळी बघितली. दोनशे किलोमीटरनं पुन्हा ऑईल सोडलं, तेव्हा फडक्यावर दोन-तीनच कुरळे कण आले. त्यानंतरच्या पाचशेला नुसतं काजळ.

पण प्रत्येक तुकडा असा निरुपद्रवी निघत नाही. खवल्यासारख्या कपच्या दोनशे किलोमीटरनं पुन्हा आल्या तर मात्र इंजिन उघडा, टाळाटाळ नको. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचं हेच होऊ शकतं. बेअरिंगच्या गोळ्यांना गंजाचे खड्डे पडतात, गाडी काही महिने बरी चालते आणि मग कपच्या सुटतात. जुनी गाडी घेताना हेडलाईटच्या डब्यात वाळलेला गाळ आहे का बघा. आणि थंड इंजिन सुरू करून आवाज ऐका. अर्थात फटाके फोडणारा सायलेन्सर लावलेला असेल तर काहीच ऐकू येणार नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलं की कळतं, या सायलेन्सरवाल्यांना स्वतःच्या इंजिनाची तब्येत कधीच कळत नसणार.

सापडलेला तुकडा फेकू नका. चिकटपट्टीनं कागदावर लावा, तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या बदलीला शेजारी शेजारी ठेवून बघता येतं, तुकडे वाढतायत की कमी होतायत.

आणि ड्रेन नट सोडताना आधी दिशा ठरवा. गाडीशेजारी उभं राहून वरून वाकून हात घातला की डावं-उजवं उलटं होतं, माणूस सोडतोय असं समजून आवळत राहतो, आणि आटे तिथंच जातात. खाली बसा, नटाचं तोंड समोर घ्या, मगच फिरवा.

नमस्कार.